कमलिनीबाईंचा कल्चर रिपोर्ट

जनार्दन सबनीस यांची विमा कंपनीतली चौतीस वर्षं इतरांच्या निष्काळजीपणाची चौकशी करण्यात गेली होती. गोदामाला आग कशी लागली, उभा ट्रक आपोआप कसा कलंडला, मुलीचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात दुकानात चोरी कशी झाली, हे ते कागद न उघडता ओळखत. अशा माणसाला स्वतःच्या हातून काही गफलत होईल अशी शंका कशी यावी? म्हणूनच जानेवारीत विनयाताई नऊ दिवसांसाठी पुण्याला लेकीचं, मैत्रेयीचं, नवं घर लावून द्यायला निघाल्या आणि दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, विरजण तेवढं सांभाळा," तेव्हा जनार्दनरावांना जरा अपमानच वाटला.

विरजण मात्र साधंसुधं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी हे जोडपं पहिल्या बदलीवर रायपूरला निघालं, तेव्हा कराडच्या स्टेशनवर विनयाताईंच्या आईनं, कमलिनीबाईंनी, झाकणाच्या डब्यातून चमचाभर दही दिलं होतं. त्या चमच्याचं दही लागलं, त्यातला चमचा दुसऱ्या दिवशीला, त्यातला तिसऱ्या दिवशीला, असं करत ते दही रायपूरहून भोपाळ, भोपाळहून सिलिगुडी आणि तिथून जयपूरच्या प्रतापनगरात येऊन पोचलं होतं. बदली झाली की घरचं सामान ट्रकनं येई आणि विरजण विनयाताईंच्या मांडीवरून. कमलिनीबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या साड्या विरल्या, फोटो पिवळा पडला, विरजण मात्र रोज ताजं. मैत्रेयी लहानपणी त्याला सरळ "आजी" म्हणायची. "आई, आजीला झाकून ठेवलंस का?"

विनयाताई शनिवारी गेल्या आणि रविवारी जनार्दनरावांची दाढ सुजली.

सोमवारी दातांच्या डॉक्टरनं आत डोकावून पाहिलं, पू झाला आहे म्हणाला आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "अंकलजी, यह दवा दोस्त-दुश्मन नहीं देखती. पेट के अच्छे बैक्टीरिया भी साफ कर देती है. साथ में दही खाते रहिए. घर का."

"अंकलजी" त्यांनी गिळलं. गोळी गिळणं मात्र वेगळी बाब होती. ती गोळी नव्हती, एक लहानशी होडी होती. आणि जनार्दनरावांना गोळी गिळता येत नाही, हे त्या घरातलं एकमेव गुपित होतं. आजवर विनयाताई गोळी कुटून गुळंब्यातून देत आल्या होत्या. गुळंबा कुठल्या बरणीत आहे हे त्यांनाच ठाऊक. पण डॉक्टरनं तर दहीच सांगितलं होतं, आणि दही समोर होतं. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद होऊन जनार्दनरावांनी लाटण्यानं गोळी कुटली आणि वाटीभर दह्यात घातली. कडूजहर. म्हणून ती वाटी त्यांनी पुन्हा भांड्यात उपडी केली, चार चमचे साखर घातली, घुसळलं आणि अर्धं भांडं संपवलं. संध्याकाळची गोळी उरलेल्या अर्ध्यात. तळाशी बोटभर राहिलं, ते कोमट दुधात विरजण म्हणून लावलं, आणि कर्तव्य पार पाडलेल्या माणसासारखे झोपले.

मंगळवारी सकाळी भांड्यात दूध होतं.

नासलेलं नाही, आंबलेलं नाही, पातळ दहीसुद्धा नाही. आदल्या रात्रीचं दूध, जसंच्या तसं, जणू त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या शेखावत भाभीजी दारात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी भांड्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "ठंड है, भाईसाहब. जनवरी में दही को भी रजाई चाहिए."

जयपुरात रजाईची कमतरता नाही. विनयाताईंची बगरू गावची छापील नक्षी असलेली, पिसासारखी हलकी आणि तव्यासारखी गरम रजाई त्यांनी भांड्याभोवती गुंडाळली आणि स्वतः दोन शाली पांघरून कुडकुडत रात्र काढली. बुधवारी पुन्हा दूध. मग शेखावतजी आले. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यांचा सगळा विश्वास यंत्रांवर. त्यांनी भांडं रजाईसकट इन्व्हर्टरवर ठेवायला लावलं, कारण इन्व्हर्टर मागून गरम असतो. भाभीजींनी जाता जाता दोन लाल मिरच्यांचे देठ आत टाकले. फाटकावरच्या वॉचमननं, आमच्या गावी चांदीचं नाणं टाकतात, असं सांगितलं, तेव्हा लक्ष्मीपूजनाचं नाणंही आत गेलं. गुरुवारी सकाळी त्या दुधात देठ होते, नाणं होतं, फक्त दही नव्हतं.

"मेरा जामन ले लीजिए ना," भाभीजी म्हणाल्या. "चुटकी में जमेगा."

जनार्दनरावांनी मान हलवली. दही काय, दुधाच्या बूथवरही मिळत होतं. मंगळवारपासूनच्या गोळ्या त्यांनी बूथच्या दह्यातूनच घेतल्या. पण इथे प्रश्न वारसाचा होता. दुसऱ्याचं विरजण लावून कमलिनीबाईंचं म्हणून दाखवायचं, म्हणजे बनावट कागदपत्र. अशी प्रकरणं त्यांनी स्वतः नामंजूर केली होती.

रोज संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा. "लागलं का?" विनयाताई विचारायच्या.

"लागलं," ते म्हणायचे. ते खोटं नव्हतं. त्यांच्या मनाला लागलं होतं, दुधाला नव्हतं, एवढाच फरक.

शेवटी त्यांच्यातला विमा अधिकारी जागा झाला. मृत्यूचं कारण कळल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. गुरुवारी दुपारी उरलंसुरलं दूध-दही बाटलीत भरून ते कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्रात गेले.

काउंटरवरच्या माणसानं बाटली उजेडात धरली. "यह क्या है?"

"दही. मतलब, होना था."

"लिस्ट में खून है, पेशाब है, थूक है, मवाद है," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "दही नहीं है."

"इतर में डालिए."

"इतर में डॉक्टर की पर्ची लगती है." जनार्दनरावांनी दाढेची चिठ्ठी पुढे केली. तीही चालली. पर्ची लागते, कशाची ते कुणी विचारत नाही. "पेशंट का नाम?"

"पेशंट नहीं है. दही है."

"नाम के बिना कंप्यूटर आगे नहीं जाएगा. उम्र और लिंग भी."

जनार्दनरावांनी आयुष्यात फॉर्मवर खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "कमलिनीबाई. उम्र सत्ताईस. स्त्री."

"आपकी कौन लगती हैं?"

"सास."

काउंटरवरच्या माणसानं मान वर केली. समोर सत्तावन्न वर्षांचे, एका बाजूनं गाल सुजलेले गृहस्थ. तो त्यांच्याकडे जरा आदरानं पाहू लागला. "क्या जाँच करनी है सासूजी की?"

"ज़िंदा हैं या नहीं, बस इतना बता दीजिए."

"कल्चर लिख देता हूँ. अड़तालीस घंटे. मोबाइल नंबर पुराना वाला ही है ना? परिवार का?"

"हाँ, हाँ, वही," जनार्दनराव म्हणाले.

परिवाराचा पुराना नंबर म्हणजे विनयाताईंचा. जनार्दनरावांच्या साखरेचे, कोलेस्टेरॉलचे सगळे रिपोर्ट त्याच नंबरावर जात, कारण ते लपवून ठेवतात असा त्यांचा लौकिक होता. हे त्यांना शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आठवलं, म्हणजे फोन वाजल्यावर.

"अहो," विनयाताई म्हणाल्या, "आईचा रिपोर्ट आलाय."

"कुणाच्या आईचा?"

"माझ्या. कमलिनीबाई, वय सत्तावीस, स्त्री. जयपूरला असते म्हणे. अठ्ठेचाळीस तासांत तिच्यात काही वाढ दिसली नाही." मागे मैत्रेयी हसू दाबत असल्याचा आवाज आला आणि थांबला. "खाली शेरा आहे. पेशंट सध्या अँटिबायोटिक घेत आहे काय, असं विचारलंय डॉक्टरांनी."

जनार्दनराव भिंतीला टेकले. पाच दिवस ते थंडीवर संशय घेत होते, दूधवाल्यावर घेत होते, एकदा तर भाभीजींच्या मिरचीवरही. डॉक्टरनं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की हे औषध दोस्त-दुश्मन ओळखत नाही. पोटातल्या जिवांना जे मारतं, ते भांड्यातल्यांना कसं सोडेल?

"दाढेची गोळी कशातून घेतलीत?"

"दह्यातून."

"वाटीत काढून घेऊन?"

चौकशीत एका टप्प्यावर समोरचा माणूस खुर्चीत खाली सरकतो. हा टप्पा त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता, टेबलाच्या पलीकडून. "भांड्यात," ते म्हणाले.

विनयाताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "असू दे," विनयाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाला "असू दे"चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण त्यांना आठवलं ते दुसरंच. नऊ वर्षांपूर्वी कमलिनीबाईंचे दिवसवार करून विनयाताई परत आल्या, त्या बॅगही खाली न ठेवता स्वयंपाकघरात गेल्या होत्या. विरजणाचं झाकण उघडून, हातात चमचा घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, कितीतरी वेळ. आणि आपण बाहेरून विचारलं होतं, चहा टाकतेस का?

दुसऱ्याचं घर जळालं की पंचनामा करायला ते कधी चुकले नव्हते. स्वतःच्या घरात काय जळतंय याची नोंद त्या दिवशी त्यांनी केली नव्हती.

विनयाताई सोमवारी येणार होत्या. उरला एक दिवस. त्यांना एवढंच माहीत होतं की मराठी मंडळातल्या कुणीकुणी बायका आपल्या घरून वाटीत विरजण नेत असत. कोण, ते त्यांनी कधी वर्तमानपत्र खाली करून पाहिलं नव्हतं. तेव्हा त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर निवेदन टाकलं. झालेली हत्या जाहीर करायची नव्हती, म्हणून भाषा कार्यालयीन ठेवली :

"विषय : कै. कमलिनीबाई यांचे विरजण. ज्यांचा संबंध आला असेल त्यांनी उद्या सकाळी दहापर्यंत संपर्क साधावा. ज. ग. सबनीस."

एवढं करून त्यांनी फोन बंद करून उशीखाली ठेवला, कारण पुन्हा पुण्याहून फोन आला तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

आता, ग्रुपवर मोठं निवेदन कुणीच वाचत नाही. पहिला जो वाचतो त्याचं उत्तर बाकीचे वाचतात. पहिला होता स्वप्नील. आयटीतला, गुणी, पण जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, घरचं मराठी आईशी भांडण्यापुरतं. त्यानं "विरजण" हा शब्द जन्मात पाहिलेला नव्हता. त्याच्या डोळ्यांनी शेजारचा ओळखीचा शब्द उचलला आणि त्यानं लगेच लिहिलं, "बहुत दुःख झाला. कमलिनी आजींचे विसर्जन आहे. कल १० बजे, सबनीस काकांकडे. सगळ्यांनी यायचं." त्याखाली बेचाळीस जणांनी हात जोडले.

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात मंडळाचे अध्यक्ष मुरलीधर देव, पांढऱ्या शर्टात, हातात निशिगंध. त्यांच्या मागे जिना भरून माणसं. कुणी जनार्दनरावांचा हात दाबला, कुणी नुसतीच मान हलवली. सुजलेला गाल आणि झोप न झालेले डोळे पाहून बायका हळहळल्या. दहा मिनिटांत बैठकीत सोळा माणसं सतरंजीवर बसली. सांगानेरला कापडावर छपाईचं काम करणारी मनीषा कोपऱ्यात रुमाल डोळ्यांना लावून होती. बस्सीला नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे राहणारी मिताली तर पहाटेची बस पकडून आली होती.

एका विरजणासाठी एवढी माणसं यावीत यानं जनार्दनराव भारावून गेले. त्यांना वाटलं, विनयानं फोन करून सगळ्यांना सांगितलेलं दिसतं. "काय बोलू," ते म्हणाले. "चूक माझीच."

"असं म्हणू नका," देव म्हणाले. "वय झालं की चालायचंच."

"सत्तावीस वर्षं होती आमच्या घरात."

"शेवटी त्रास नाही ना झाला?"

"कळलंच नाही हो. रजाईत गुंडाळून इन्व्हर्टरवर ठेवली होती."

देवांनी निशिगंध एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

तेवढ्यात गर्दी पाहून शेखावत भाभीजी डोक्यावर पदर घेऊन आत आल्या. त्यांनी कुणाच्या तरी कानात विचारलं, काय ते समजून घेतलं, गालावर हात मारून घेतला आणि थेट विनयाताईंना फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"बहनजी, हिम्मत रखना."

"क्या हुआ, भाभीजी?"

"आपकी माताजी नहीं रहीं."

"वो तो नौ साल पहले गईं," स्पीकरमधून विनयाताई म्हणाल्या.

सोळा माणसांनी एकदम जनार्दनरावांकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना अशा नजरेनं पाहिलेल्या त्या गृहस्थांनी घसा साफ केला. "गेलं ते दही," ते म्हणाले. "त्यांच्या हातचं विरजण. मी त्यात अँटिबायोटिक घातलं."

"विसर्जन नाहीये?" स्वप्नीलनं विचारलं.

"वि-र-ज-ण," मनीषा रुमालातून म्हणाली. "जामन, बाबा, जामन. पाच किलोमीटर रडत आले मी."

"मग मराठीत ग्रुपवर टाकायचं ना काका, इतकं कठीण का लिहिलं?"

स्पीकरमधून एक बारीकसा आवाज येऊ लागला. आधी सगळ्यांना वाटलं, विनयाताई रडतायत. मग तो आवाज मोठा झाला, त्यात मैत्रेयीचा मिसळला, आणि कळलं की दोघी हसतायत. इतकं, की मधे मधे श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. "इन्व्हर्टरवर," विनयाताई म्हणत होत्या, "माझ्या आईला इन्व्हर्टरवर..." देवांचे खांदे हलायला लागले. मग सतरंजीच गदगदू लागली. जनार्दनरावांना वाईट वाटायला हवं होतं. पण कालपासून छातीवर बसलेलं ते "असू दे" हळूच उठून गेल्यासारखं वाटलं.

"पण काकू," मिताली फोनकडे वाकून म्हणाली, "तुमचं विरजण कुठे गेलंय? दिवाळीच्या आधी मी नेलं होतं, अजून त्याचंच लावते बस्सीला."

"मीसुद्धा," मनीषा म्हणाली.

मुरलीधर देव जरा चाचरले. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती. "माझ्याकडेही आहे," ते म्हणाले. "विनयाताईंनी दिलं होतं तेव्हा. म्हणाल्या, रोज रात्री एवढं एक काम ठेवा स्वतःला. त्याच्यामुळे रोज दूध आणायला खाली उतरतो मी."

निशिगंध त्यांनी कमलिनीबाईंच्या फोटोसमोर ठेवून दिला. आणलाच होता.

रविवारी संध्याकाळपर्यंत तीन वाट्या आल्या. मितालीची तर बस्सीहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती आली, झाकणाला दोरी बांधून. सोमवारी सकाळी विनयाताई घरी पोचल्या, तेव्हा जनार्दनराव ओट्यापाशी तीन वाट्या ओळीनं मांडून, मुलाखतीला आल्यासारखे उभे होते.

विनयाताईंनी पर्स काढली, हात धुतले, पहिलीत चमचा घातला. "ही मनीषा. गोड आहे." दुसरी आंबट होती, बस्सीची. तिसरी घट्ट, जरा तारेची, देवांची.

"तिन्हींची चव वेगळी आहे," जनार्दनराव घाबरून म्हणाले. "यातलं खरं कुठलं?"

विनयाताई चमचा हातात धरून राहिल्या. या वेळी ते चहाचं काही बोलले नाहीत.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "आईनं लावलेलं दही मी शेवटचं कधी खाल्लं? रोज खात होते ते माझ्याच हातचं. घर बदललं, दूध बदललं, की बदलणारच ना ते. भोपाळला तर नुसतं आंबट ढाण व्हायचं. तुम्हाला कधी कळलं?"

"नाही."

"नाहीच कळणार." त्यांनी दूध कोमट करून करंगळीनं पाहिलं आणि तिन्ही वाट्यांतला एकेक चमचा त्यात सोडला.

"अगं, भेसळ होईल," जनार्दनराव म्हणाले.

"भेसळ कसली? वेगवेगळ्या घरी राहून आलीय. बसू दे जरा एका जागी."

मंगळवारी सकाळी जनार्दनराव आधी उठले. त्यांनी झाकण काढलं. भांडं किंचित तिरकं केलं. हललं नाही. आणखी तिरकं केलं. वर पाण्याची बारीकशी रेघ आली, पण पांढरा गोळा जागचा ढळला नाही. ते इतके हरखले की भांडं जवळजवळ उभं करून प्रकाशात फिरवून बघू लागले.

"अहो, दही आहे ते," विनयाताई मागून म्हणाल्या. "गाडीचा अपघात नाही, खालून वरून बघायला. द्या इकडे. आधी विरजण काढायचं, मग खायचं. एवढंच शिकला असतात तर सोळा माणसांना रडावं लागलं नसतं."

त्यांनी फडताळातून वाट्या काढल्या. एकीत चमचाभर घरचं विरजण काढलं. मग दुसरीत काढलं. मग तिसरीत आणि चौथीत.

"एवढी कशाला?"

"तिघांच्या वाट्या रिकाम्या कशा पाठवायच्या? आणि एक शेखावत भाभींकडे राहील." त्यांनी उरलेल्यातला मोठा चमचा जनार्दनरावांच्या हातावर ठेवला. "यापुढे आई एकाच घरात राहणार नाही. तुमच्या घरात तर नाहीच नाही."

मोठी जोखीम एकट्यानं पोटात न ठेवता चार ठिकाणी वाटून द्यावी, याला विमा खात्यात पुनर्विमा म्हणतात, आणि त्यावर जनार्दनरावांनी एके काळी नवख्या अधिकाऱ्यांपुढे तीन दिवस व्याख्यानं दिली होती. ते सगळं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण तोंडात दही होतं, आणि ते चांगलं लागलं होतं.